ढिम्म

साडेचारला निघालो, आणि सव्वापाचला
वास्वाच्या मोटरसायकलचं मागचं चाक बसलं.
"चांगला टायर भावाकडे आहे," तो म्हणाला.
"जुळे आम्ही. मी आधी आलो,
पण चांगलं ते सगळं काटोकडे जातं."
अंधारात, लाल मातीच्या रस्त्यावर उभ्या उभ्या
मी दिवसाचा पहिला पक्षी लिहिला:
घुबड. नुसता आवाज.

पंक्चर निघेपर्यंत टपरीवर रोलेक्स खाल्लं.
रोलेक्स म्हणजे घड्याळ नव्हे, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट.
चपाती माझ्या कितीतरी आधी इथे पोचलीय,
जहाजाने, लाटणं घेऊन.
"तुमच्याकडे मिळते का हो चपाती?"
टपरीवाल्या नामुलीने विचारलं.
मिळते, म्हटलं. कधीमधी.

व्हिक्टोरिया सरोवर इथे संपत नाही,
नुसतं गवतात शिरतं.
डोक्याहून उंच पपायरस, आणि प्रत्येक देठावर
विंचरायचं राहून गेलेलं एक डोकं.
मुबिरू बांबूने होडी रेटतो. बोलतो कमी.
"आजोबांना बुल्वे दिसला
की ते जाळं गुंडाळून घरी यायचे.
अपशकुन. त्या दिवशी मासा लागायचा नाही.
आणि मी त्याला रोज शोधतो.
तोच आता माझा मासा."

बुल्वे मांबा खातो.
मांबा म्हणजे पाणी आटलं तरी चिखलात
श्वास घेत पडून राहणारा मासा.
"आम्ही खात नाही. आमचं कूळच मांबाचं."
देवक! मी जवळजवळ ओरडलेच.
आमचं कळंबाचं, लग्नात डहाळी आणतात,
एरवी फांदीला हात लावत नाहीत...
मोडक्या इंग्रजीत सांगत सुटले,
आणि गाडी 'कळंब' पाशी अडली.
"झाड," म्हटलं. "चेंडूसारखी फुलं."
मुबिरूने विचार केला.
"झाड कुणाच्या चोचीत जात नाही.
तुमचं सोपं आहे."

आणि मग तो होता.
राखी. माझ्या छातीला लागेल एवढा.
लाकडी बूट पायात घालायचा सोडून
तोंडावर चढवल्यासारखी चोच.
आणि डोळा कचेरीतल्या त्या खिडकीमागचा,
जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असतानाचा.
ढिम्म.

दुर्बीण वर. दुर्बीण खाली.
एक तास.
लांब बोटांचा जकाना कमळपानांवरून
अंगणातून जावं तसा चालत गेला.
मुबिरूने मुलीच्या फीचं सांगितलं,
तिसरी टर्म अजून बाकी आहे.
मी गुडघ्याचं सांगितलं.
ढिम्म.

दुसरा तास अर्धा सरला.
पाय सुजले म्हणून चप्पल काढली,
तर ती होडीतल्या वीतभर पाण्यात तरंगत
माझ्यामागे गेली.
मी वाकले,
आणि धप्पकन सगळी दलदल कोसळली.

वर पाहिलं तेव्हा पुन्हा ढिम्म.
फक्त चोचीच्या कडेने गवत ओघळत होतं,
आणि गवतात एका शेपटीचा
शेवटचा वळसा.

मी मुबिरूकडे पाहिलं.
तो पाठ करून उभा होता, बांबू छातीशी धरून.
बराच वेळ तसाच.
मग पाण्याकडे बघतच म्हणाला,
"सहाशे लोकांना दाखवला असेन हा पक्षी.
गिळताना मी पाहिला नाही. एकदाही."

वहीत माझे दोनच रकाने: पाहिला, ऐकला.
पेन्सिल दोन्हींवर फिरवली.
मग लिहिलं: मुबिरूची पाठ. सकाळ, दहा वीस.

धक्क्यावर वास्वा वाट बघत होता.
टायर काटोचा होता.
काटो कुठे, कसा घरी जाणार,
ते विचारायचं राहून गेलं.
चप्पल एकच होती, ती हातात घेऊन
मी मागे बसले.